समुद्राने टाकलेले कोणाचे? अंबर, फिकह आणि अठ्ठेचाळीस तास

मागच्या पावसाळ्यात जुम्याच्या नमाजनंतर पनवेलच्या एका मशिदीबाहेर टेम्पो चालवणाऱ्या एका ओळखीच्या मुलाने मला बाजूला घेतले. मुरूडहून एक पुडके वाशीला पोचवायचे, त्याचे पन्नास हजार मिळणार, असे काम त्याच्याकडे चालून आले होते. पुडक्यात काय, तर 'व्हेलची उलटी'. काम देणाऱ्याने त्याला दोन गोष्टी पटवून दिल्या होत्या. पहिली, कायद्याने शिकारीला बंदी आहे, उलटीला नाही; देवमासा जिवंत आहे, समुद्राने टाकलेली वस्तू उचलली तर गुन्हा कसला? दुसरी, हे म्हणजे अंबर. हदीसमध्ये त्याचे नाव आहे, बुजुर्गांनी ते वापरले आहे, मग त्यात हराम काय? मुलाने विचारले, "चाचा, खरं आहे का हे?"

पुडक्याला हात लावू नकोस, एवढे मी तिथल्या तिथे सांगितले. पण दुसऱ्या मुद्द्याचे उत्तर माझ्याकडे तयार नव्हते. अंबर हलाल आहे, हे तर खरेच होते. मग चुकत काय होते? त्या उत्तराच्या शोधात जे वाचले, ते इथे मांडतो आहे. कारण मुंबई, ठाणे, नवी मुंबई आणि रायगडच्या पोलिसांकडून अशा जप्तीच्या बातम्या आता नियमित येतात. जून २०१९ मध्ये मुंबईत विद्याविहारला १.३ किलो अंबर पकडले गेले, त्याची किंमत १ कोटी ७० लाख सांगितली गेली. त्यानंतर हे प्रकरण थांबलेले नाही. आणि असल्या कामाला विचारली जाणारी पोरे किनाऱ्यावरची, आपल्याच मोहल्ल्यांतली असतात.

उलटी नव्हे, अंबर

'व्हेलची उलटी' हे नाव वर्तमानपत्रांनी रूढ केले. ते बहुधा चुकीचे आहे. स्पर्म व्हेल हा दात असलेला सर्वांत मोठा देवमासा. तो खोल समुद्रात बुडी मारून माकूळ खातो. माकुळाची चोच पोपटाच्या चोचीसारखी कडक असते, ती पचत नाही. बहुतेक चोची देवमासा खरोखरच ओकून टाकतो, आणि त्यांचे अंबर होत नाही. क्वचित काही चोची पुढे आतड्यात उतरतात, तिथे टोचतात आणि त्यांच्याभोवती मेणासारखा पदार्थ साचत जातो. शंभरातल्या एखाद्याच स्पर्म व्हेलमध्ये हे घडते असा अभ्यासकांचा अंदाज आहे. हा गोळा विष्ठेच्या वाटेने बाहेर पडतो, किंवा देवमासा मेल्यावर सुटतो.

ताजा गोळा काळा, चिकट असतो आणि त्याला शेणासारखा वास येतो. खारे पाणी, ऊन आणि हवा लागून तो कडक होतो, राखाडी आणि नंतर पांढुरका होतो. मग त्याला जो मंद, गोडसर, मातीचा आणि समुद्राचा वास येतो, त्यासाठी हजार वर्षे लोक वेडे झाले. त्याचे खरे मोल मात्र दुसऱ्या गुणात आहे. अत्तरात तो मिसळला की बाकीचे सुगंध लवकर उडून जात नाहीत. १८२० मध्ये पेलेतिए आणि काव्हाँतू या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी त्यातला मुख्य घटक वेगळा काढला आणि त्याला 'अंब्रेन' नाव दिले. विसाव्या शतकाच्या मध्यापासून तोच परिणाम देणारा पदार्थ क्लॅरी सेज नावाच्या वनस्पतीपासून बनवता येतो. म्हणजे आज अत्तरासाठी देवमाशाची गरज उरलेली नाही.

मराठीत 'अंबर' म्हटले की आपल्याला पीतांबर, दिगंबर आठवतात. तो संस्कृत शब्द वेगळा, वस्त्र किंवा आकाश या अर्थाचा. आपले अंबर अरबी 'अनबर'मधून आले. युरोपात तोच शब्द पिवळ्या राळेलाही, म्हणजे फारसीतल्या 'कहरुबा'लाही चिकटला. मग दोन्ही वेगळे ओळखता यावेत म्हणून फ्रेंचांनी समुद्रातल्या अंबरला 'करडे अंबर' म्हटले. अंबरग्रीस हा शब्द त्यातूनच आला. भारतीय रसशास्त्राच्या ग्रंथांत 'अग्निजार' नावाचे द्रव्य येते. समुद्री प्राण्याने टाकलेली, उन्हात सुकलेली वस्तू असे त्याचे वर्णन आहे आणि अनेक अभ्यासक ते अंबरच मानतात. युनानी दवाखान्यातल्या 'खमीरा गावजबान अंबरी'च्या नावात तर ते आजही आहे.

चौल, बगदाद आणि अंबरची वाट

पनवेलहून अलिबागमार्गे चौलला जाता येते. आज नारळी-पोफळीच्या वाड्यांत विसावलेले हे गाव अरब प्रवाशांच्या ग्रंथांत 'सैमूर' म्हणून येते. इतिहासकार मसूदी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ.स. ९१६ च्या सुमारास, स्वतः इथे येऊन गेला. सैमूरमध्ये सुमारे दहा हजार मुसलमान राहत असल्याचे तो लिहितो. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथून आलेले, आणि इथेच जन्मलेलेही. राजा मुसलमान नव्हता. पण मुसलमानांचे तंटे सोडवण्यासाठी त्याने त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमलेला होता. त्या पदाला 'हुनरमन' म्हणत. ही गोष्ट पुढे पुन्हा लागणार आहे.

याच मसूदीने अंबरबद्दलही लिहिले आहे. उत्तम अंबर झांजच्या, म्हणजे पूर्व आफ्रिकेच्या, आणि अरबस्तानातल्या शिहरच्या किनाऱ्यावर मिळते. शिहरचे लोक चांदण्या रात्री उंटावर बसून किनाऱ्याने फिरतात. उंट असे तयार केलेले असतात की अंबरचा वास आला की ते गुडघे टेकतात. मोठा मासा अंबर गिळतो आणि मरून तरंगू लागतो, मग लोक त्याचे पोट फाडून ते काढतात, असेही तो सांगतो. त्याच्याही आधी, इ.स. ८५१ मध्ये लिहिलेल्या आणि सुलेमान या व्यापाऱ्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वृत्तांतात दोन बातम्या आहेत. मालदीवच्या बाजूच्या बेटांवर समुद्र खवळला की अंबरचे मोठाले गोळे येऊन पडतात; आणि निकोबारचे लोक लोखंडाच्या बदल्यात अंबर देतात.

ते कुठून येते याबद्दल मात्र सगळेच अंधारात होते. कोणी म्हणे समुद्राच्या तळाशी उगवणारी वनस्पती, भूछत्रासारखी. इब्न सीनाला ते समुद्रतळाच्या झऱ्यातून येते असे वाटले. प्राण्याची विष्ठा असण्याची कल्पना त्याने नाकारली. १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या गार्सिया द ओर्ताच्या ग्रंथात एक अख्खा संवाद अंबरवर आहे. हा ओर्ता आपल्याला परका नाही. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहाशी त्याची मैत्री होती आणि मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होते. अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त शाही खुशबूखान्याचे प्रकरण लिहिताना अंबरच्या उगमाबद्दलची वेगवेगळी मते नोंदवली आणि भावही दिला. उत्तम 'अंबर-ए-अशहब' तोळ्याला १ ते ३ मोहरा. उगमाचा उलगडा बराच उशिरा झाला. १७८३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे श्वेडियावर नावाच्या डॉक्टरचा निबंध आला. अंबरमध्ये सापडणाऱ्या माकुळाच्या चोची दाखवून, हे स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होते, असे त्याने मांडले.

या व्यापाराची एक खूण महाराष्ट्राच्या इतिहासात माणसाच्या नावाने उभी आहे. इथिओपियातून गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या चापू नावाच्या मुलाला बगदादच्या एका मालकाने इस्लामची दीक्षा दिली आणि नवे नाव दिले, अंबर. पुढे तो दख्खनमध्ये विकला गेला, अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला, त्याने मोगलांना जेरीस आणले आणि १६१० मध्ये खडकी, म्हणजे नंतरचे औरंगाबाद, वसवले. १६२६ मध्ये तो वारला. कबर खुलताबादला आहे. अंबर, काफूर, याकूत ही नावे त्या काळी गुलामांना सर्रास दिली जात. किमती मालावर मालाचे नाव. मलिक अंबरने त्या नावाचा अर्थच बदलून टाकला, ही गोष्ट वेगळी.

हदीस आणि इमामांचे मतभेद

आता मुलाच्या प्रश्नाकडे. हदीसमध्ये अंबर खरोखरच आहे, आणि दोन अर्थांनी. पहिला अर्थ मासा. हिजरी ८ मध्ये अबू उबैदा (रजि.) यांच्या नेतृत्वाखाली तीनशे सहाबांची तुकडी समुद्रकिनाऱ्याकडे निघाली. शिधा संपला. दिवसाला माणशी एक खजूर, तीही संपल्यावर झाडांची पाने. तेव्हा किनाऱ्यावर टेकडीएवढा मासा पडलेला दिसला. त्या माशाला 'अनबर' म्हणत. मेलेले जनावर खावे का, असा प्रश्न आधी अबू उबैदांना पडला. मग गरज ओळखून त्यांनी परवानगी दिली. त्याच्या डोळ्याच्या खोबणीतून घागरी भरून चरबी काढली, आणि बरगडी उभी केल्यावर तिच्याखालून उंटस्वार गेला, अशी वर्णने बुखारी आणि मुस्लिम यांच्या संग्रहांत आहेत. मदिनेला परतल्यावर प्रेषितांनी (स.) ती अल्लाहने दिलेली रोजी असल्याचे सांगितले आणि उरलेल्यातले स्वतःही खाल्ले.

दुसरा अर्थ सुगंध. प्रेषित (स.) कस्तुरी आणि अंबर वापरत, असे हजरत आयशा (रजि.) यांच्याकडून आलेले कथन नसाईंच्या संग्रहात आहे.

म्हणजे अंबर पाक आहे, ते लावणे जायज आहे, यात शंका नाही. पण अंबर शुद्ध आहे का, हा एक प्रश्न. सापडलेले अंबर कोणाचे, हा दुसरा. पुडकेवाल्याने पहिल्याचे उत्तर देऊन दुसरा झाकला होता. दुसऱ्या प्रश्नावर आपल्या इमामांमध्ये चांगलाच वाद झालेला आहे.

इब्न अब्बास (रजि.) यांचे मत बुखारींनी जकातच्या प्रकरणात दिले आहे. अंबर हे पुरलेले धन नाही, ती समुद्राने फेकलेली वस्तू आहे, म्हणून त्यावर पाचवा हिस्सा लागत नाही. हसन बसरी यांचे मत उलट. अंबर आणि मोती यांवर पाचवा हिस्सा द्यावा. इमाम अबू हनीफा म्हणतात, माशासारखेच आहे, काही देणे नाही. पण त्यांचेच शागीर्द आणि हारून रशीदचे काझी अबू युसूफ यांनी खलिफासाठी लिहिलेल्या 'किताबुल खराज'मध्ये पाचवा हिस्सा बैतुलमालचा ठरवला. त्यांनी दाखला दिला तो हजरत उमर (रजि.) यांचा. किनाऱ्यावर एकाला अंबर सापडले, अंमलदाराने पत्राने विचारणा केली, आणि समुद्रातून निघेल त्यात पाचवा हिस्सा घ्यावा, असे उत्तर आले. कोकणी मुसलमान ज्यांच्या मजहबवर चालतात त्या इमाम शाफईंच्या मते अंबर आणि मोत्यांवर जकात नाही. अंबर ही समुद्रात उगवणारी वनस्पती आहे असे त्यांनी ऐकले होते, आणि माशाच्या पोटात निघाले तरी ते पाकच, कारण माशाने फक्त ते गिळलेले असते.

हा सगळा वाद वाचताना मला एक गोष्ट महत्त्वाची वाटली. तो अंबरच्या सुगंधावर नव्हता. एका गरीब कोळ्याच्या हाती अचानक आलेल्या दौलतीत सगळ्यांचा, म्हणजे खजिन्याचा, वाटा किती, यावर तो होता. कोणी म्हणाले शून्य, कोणी म्हणाले पाचवा. हा प्रश्न विचारण्याचा हुकूमतीला हक्कच नाही, असे यांपैकी कोणी म्हटलेले नाही. 'समुद्राने दिले, मी उचलले, विषय संपला' हे तत्त्व म्हणून खपवणे म्हणजे एका बाजूचे मत अर्धे वाचणे आहे.

प्रत्यक्ष व्यवहार तर आणखी कडक होता. मालदीव ही मुस्लिम सल्तनत, आणि अंबरची सर्वांत प्रसिद्ध जागा. पिरार द लाव्हाल नावाचा फ्रेंच खलाशी १६०२ मध्ये जहाज फुटून तिथे अडकला आणि १६०७ पर्यंत राहिला. तो लिहितो की किनाऱ्यावर येणारे अंबर सुलतानाचे. कोणी सापडलेले लपवले तर त्याचा हात तोडत. ही शिक्षा योग्य होती असे मी म्हणत नाही. पण अंबर सापडेल त्याचे, अशी काही सार्वत्रिक इस्लामी परंपरा होती, हा समज या एका नोंदीने ढासळतो.

बदललेला समुद्र

इमामांच्या काळी अंबरचा प्रश्न मालकीचा होता. प्राणी संपेल, ही शक्यता त्यांच्यापुढे नव्हती. ती पुढे आली ती अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या देवमाशांच्या शिकारीने. स्पर्म व्हेलच्या डोक्यातल्या तेलावर युरोप-अमेरिकेचे दिवे आणि मेणबत्त्या जळत. अंबर मिळाले तर तो वरचा नफा. विसाव्या शतकात वाफेची जहाजे आणि स्फोटक भाले सर्रास वापरले गेले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीनुसार त्या एका शतकात साडेसात लाखांहून अधिक स्पर्म व्हेल मारले गेले. १९७९ मध्ये आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाने हिंदी महासागर अभयारण्य जाहीर केला. १९८२ मध्ये व्यापारी शिकार थांबवण्याचा ठराव झाला आणि १९८६ पासून तो अमलात आला.

देवमासा म्हणजे दूरच्या समुद्रातली गोष्ट, असेही समजू नये. जून २०१५ मध्ये चौलला लागूनच असलेल्या रेवदंड्याच्या किनाऱ्यावर सुमारे ४२ फुटांचा निळा देवमासा जिवंत आला आणि तिथेच मेला. निळ्या देवमाशात अंबर होत नाही, पण आपल्या किनाऱ्याला हे प्राणी लागून आहेत, हे त्या दिवशी शेकडो लोकांनी पाहिले.

मुबाह, म्हणजे परवानगी असलेल्या गोष्टीला सार्वजनिक हितासाठी बांध घालता येतो का? याचे उत्तर आपल्याच परंपरेत आहे. चारा आणि पाणी सगळ्यांचे, ही शिकवण प्रेषितांची (स.). तरीही त्यांनी नकीअचे कुरण 'हिमा' म्हणून राखून ठेवले, आणि मदिनेच्या हरममध्ये शिकार व झाडतोडीला मनाई केली. हजरत उमर (रजि.) यांनी रबजा इथे हिमा राखला. सगळ्यांची असलेली वस्तू टिकावी म्हणून तिला हात लावायला मनाई, हा विचार आपल्याला पाश्चात्त्यांकडून उसना घ्यावा लागत नाही.

राहिला प्रश्न हुकूमत कोणाची, हा. सैमूरच्या मुसलमानांनी बिगरमुस्लिम राजाच्या राज्यात करार पाळून राहण्याची रीत हजार वर्षांपूर्वी घालून दिली. आपण तर परक्या बंदरातले पाहुणेही नाही. या देशाची घटना आपली आहे आणि कायदा करणाऱ्यांना आपण मत देतो.

कायद्यात अंबरचे नाव आहे

पुडकेवाल्याचा पहिला दावा होता की कायद्यात उलटीचे नाव नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ उघडून पाहिला की हा दावा पहिल्याच प्रकरणात पडतो. कलम २(३२) मध्ये प्रक्रिया न केलेल्या वन्यजीव अवशेषांची व्याख्या आहे, आणि त्यात कस्तुरीच्या शेजारी अंबरग्रीसचे नाव स्पष्ट लिहिलेले आहे. हदीसमध्ये कस्तुरी आणि अंबर जोडीने येतात, या कायद्यातही जोडीनेच आले आहेत.

मग कलम ४०(२). अत्युच्च संरक्षण असलेल्या प्राण्यांचे असे अवशेष मुख्य वन्यजीव रक्षकाच्या लेखी परवानगीशिवाय मिळवणे, स्वीकारणे, जवळ ठेवणे, विकणे, विकायला काढणे, दुसऱ्याला देणे किंवा वाहून नेणे, या सगळ्याला बंदी आहे. 'वाहून नेणे' हा शब्द टेम्पोवाल्याने दोनदा वाचावा. स्पर्म व्हेल दुसऱ्या अनुसूचीच्या दुसऱ्या भागात होता. शिक्षेच्या बाबतीत ती जागा पहिल्या अनुसूचीतल्या वाघाच्या बरोबरीची. ३ ते ७ वर्षे कैद आणि दंड. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, अनुसूची सहाच्या चार झाल्या, किमान दंड १० हजारांवरून २५ हजारांवर गेला.

वकील एक युक्तिवाद करतात, तो नीट समजून घ्यायला हवा. कलम ३९ नुसार शिकार झालेला किंवा मेलेला सापडलेला वन्यप्राणी सरकारी मालमत्ता ठरतो. जिवंत देवमाशाने टाकलेले अंबर यात कसे बसेल? केस आणि पिसे गळावीत तसे ते गळाले, शिकार झालीच नाही. शिवाय वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय करारातही, म्हणजे साइट्समध्ये, प्राण्याला त्रास न देता मिळालेले अंबर टाकाऊ पदार्थ म्हणून वगळलेले आहे. म्हणूनच ब्रिटन, फ्रान्समध्ये सापडलेले अंबर विकता येते. अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात येत नाही. हा युक्तिवाद बिनबुडाचा नाही. पण कलम ४०(२) मध्ये शिकारीची अट नाही. तिथे जवळ ठेवणेच पुरते. आणि कलम ५७ नुसार वस्तू तुमच्या ताब्यात सापडली की ताबा बेकायदा आहे असे गृहीत धरले जाते. तसे नाही हे तुम्ही सिद्ध करायचे. आपण निर्दोष आहोत हे कोठडीतून सिद्ध करणे काय असते, हे आपल्या समाजाला समजावून सांगायची गरज नाही.

याच कलम ३९ मध्ये एक सुटकेची वाटही आहे. अशी सरकारी मालमत्ता कोणत्याही मार्गाने हाती आली, तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवायचे, आणि मागितल्यास सोपवायचे. फिकहमध्ये सापडलेल्या वस्तूचे, म्हणजे 'लुकता'चे, जे प्रकरण आहे त्याची इथे आठवण होते. तिथे वर्षभर जाहीर करायचे असते. अंबरला आधीचा मालक नसतो, म्हणून फकीहांनी त्याला लुकता मानले नाही, हे खरे. पण सापडलेली वस्तू आधी उघड करायची आणि हक्काचे मग बोलायचे, ही शिस्त दोन्हीकडे सारखीच आहे.

कोटीचा भाव

'किलोला एक कोटी' हा आकडा प्रत्येक बातमीत येतो. त्याची एक साधी तपासणी करू. २०२१ मध्ये एडनच्या आखातात येमेनी कोळ्यांना मेलेल्या स्पर्म व्हेलच्या पोटात १२७ किलो अंबर मिळाले. येमेनमध्ये विक्रीला आडकाठी नव्हती, आणि ते सुमारे १५ लाख डॉलरना विकले गेल्याचे छापून आले. किलोला साधारण १२ हजार डॉलर. तेव्हाच्या दराने नऊ लाख रुपयांच्या आत. खुल्या बाजारातला एवढा मोठा सौदा नऊ लाखांत बसतो, मग आपल्याकडच्या चोरट्या बाजारात कोटी कोण देणार? हा भाव कागदावर फुगतो, आणि त्याला भुलून कोणी मेणाचा गोळा विकतो, कोणी विकत घेतो, कोणी टेम्पो काढतो. विकणारा मिळतो, आणणारा मिळतो. कोटी मोजणारा गिऱ्हाईक मात्र कोणी पाहिलेला नसतो.

कायद्याबद्दल माझी एक तक्रार आहे. प्रामाणिक माणसाला तो काहीच देत नाही. जुलै २०२२ मध्ये केरळात विळिंजमच्या कोळ्यांना समुद्रात २८ किलोंहून अधिक अंबर तरंगताना मिळाले आणि त्यांनी ते सरळ किनारी पोलिसांच्या हवाली केले. अशा माणसांना शाबासकीपलीकडे काही मिळण्याची तरतूद हवी. अबू युसूफांच्या हिशेबात चार हिस्से कोळ्याचे होते, एक खजिन्याचा. आपल्या कायद्यात पाचही सरकारचे आणि भीती कोळ्याची.

महाराष्ट्राने एका बाबतीत चांगला पायंडा पाडलेला आहे. जाळ्यात अडकलेला संरक्षित समुद्री जीव जाळे कापून सोडला, तर मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना राज्याने डिसेंबर २०१८ मध्ये आणली. ती वन विभागाच्या कांदळवन कक्षामार्फत चालते. प्रामाणिकपणाची झळ खिशाला बसू नये, एवढाच त्यामागचा साधा विचार. तोच अंबरला लावता येईल. सोपवणाऱ्याला ठरावीक बक्षीस, लेखी पावती, आणि चौकशीच्या नावाखाली छळ होणार नाही याची हमी. मुरूड, श्रीवर्धन, उरणच्या मच्छीमार सोसायट्यांनी आणि जमातींनी ही मागणी एकत्र केली तर ती ऐकली जाईल.

त्या मुलाने पुडके आणले नाही. काही आठवड्यांनी तो पुन्हा भेटला, तेव्हा त्याचा प्रश्न बदललेला होता : "चाचा, आणि खरंच किनाऱ्यावर पडलेलं मिळालं तर?" मी सांगितले, उचलून घरी नेऊ नकोस. दोन माणसांना बोलावून दाखव, जागेसकट फोटो काढ, वन विभागाच्या १९२६ वर किंवा पोलिसांच्या ११२ वर फोन लाव, आणि कोण आले, काय नेले, याची लेखी पोच घे. हे सगळे अठ्ठेचाळीस तासांच्या आत. त्याने विचारले, आणि मला काय मिळणार? आज तरी काही नाही, असे मी म्हणालो. तो हसला आणि टेम्पो काढून कळंबोलीच्या दिशेने निघून गेला.